सॉरी म्हटलं की झालं

एका जंगलात, मुलांनो, एक फार चांगली चाल होती. कुठल्या जंगलात ते विचारू नका. मधेमधे विचारणारी मुलं मला आवडत नाहीत. तर चाल अशी, की ज्याने मोडलं त्याने जोडायचं. हत्तीने कुणाचं वारूळ तुडवलं, तर तो सोंडेने माती आणून देई. अस्वलाने पोळं पाडलं, तर मधमाश्या बस म्हणेपर्यंत ते फुलझाडांना पाणी घाली. सगळे कुरकुरत, पण करत.

मग राघोपंत पोपट शहरातल्या एका बंगल्यात, पिंजऱ्यात राहून परत आले. येताना एक इंग्रजी शब्द घेऊन आले. सॉरी.

"काय करतो हा शब्द?" सगळ्यांनी विचारलं.

"काय करत नाही ते विचारा!" राघोपंत मान वाकडी करून म्हणाले. "शहरात कुणाच्या पायावर पाय पडला, सॉरी. ऐकू आलं नाही, सॉरी? काम करायचं नाही, सॉरी. कुणाचा म्हातारा गेला, तरी सॉरी. एकदा म्हटलं, की पुढे काही म्हणजे काही करावं लागत नाही."

जंगलाला शब्द जाम आवडला. हत्ती तर वारूळ तुडवायच्या आधीच सॉरी म्हणू लागला.

आता येसूचं ऐका. येसू म्हणजे ओढ्याकाठच्या बाभळीवरची सुगरण. घरटं नर विणतो, असं तुमच्यातला एखादा दीडशहाणा म्हणेल. म्हणू दे. येसूचा नवरा अर्धं घरटं विणून पलीकडच्या बाभळीवर गेला, तो गेलाच. उरलेलं बिचारीने एकटीने पुरं केलं. अंडी आज-उद्यावर आली होती.

आणि त्याच सकाळी हुप्पाजी वानराने झोका घ्यायला नेमकं ते घरटं धरलं. घरटं गेलं ओढ्यात.

"सॉरी हं," हुप्पाजी म्हणाला आणि पाठ खाजवू लागला.

"अहो, सॉरी काय? काड्या तरी आणून द्या! मी अंडी कुठे घालू?"

"सॉरी?" हुप्पाजी म्हणाला. म्हणजे त्याला ऐकू आलं नव्हतं.

येसू रडकुंडीला आली. शेजारची साळुंकी तिलाच म्हणाली, "अगं, सॉरी म्हणाला ना तो? आता काय जीव घेतेस त्याचा?"

दुपारी दरबार भरला. फिर्याद कुणाची? हुप्पाजीची!

"महाराज," तो डोळे पुसत म्हणाला, "मी सॉरी म्हणालो, तरी ही बाई 'इट्स ओके' म्हणत नाही. माझ्या मनाला फार लागलंय."

वनराज हळवे होते, विशेषतः जेवण झाल्यावर. ते म्हणाले, "येसूबाई, मनाचा मोठेपणा दाखवा. हुप्पाजींना सॉरी म्हणा."

"मी? महाराज, घर माझं मोडलंय! इथे मला कळा येतायत!"

"सॉरी," वनराज म्हणाले, "त्याला आमचा इलाज नाही."

येसूला असा संताप आला, की अंगावरचं पीस न् पीस उभं राहिलं. पण पुढची कळ जोरात आली आणि संतापायलाही वेळ उरला नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं. बाभूळ लांब. खाली मुंगूस मिशा चाटत बसलेलं. समोर महाराजांची आयाळ होती. दाट, उबदार, आणि हुप्पाजीची हात लावायची छाती होणार नाही अशी.

"सॉरी महाराज," ती म्हणाली आणि थेट आयाळीत शिरली. चार केस इकडचे, चार तिकडचे, झटकन वीण घातली आणि पहिलं अंडं घातलं.

वनराजांनी डरकाळीसाठी जबडा उघडला, तोच राघोपंत त्यांच्या कानाशी लागले.

"महाराज, ती सॉरी म्हणालीय. आता रागावणं बरं दिसत नाही."

जबडा मिटला. वनराज मान न हलवता हळूच म्हणाले, "हुप्पाजी, आत्ताच्या आत्ता हिला नवं घरटं विणून दे."

"सॉरी महाराज," हुप्पाजी अदबीने म्हणाला, "मला विणता येत नाही." आणि गेला.

हत्ती म्हणाला, "सॉरी महाराज." अस्वल म्हणालं, "सॉरी महाराज." कोल्ह्याने तर दारातूनच म्हणून घेतलं. सगळ्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. मग सगळे आपापल्या घरी गेले.

पिल्लं उडेपर्यंत वनराज तसेच बसून राहिले. शिकार नाही, डरकाळी नाही, शिंकसुद्धा नाही. येसूचं मात्र झकास चाललं होतं. मधूनच तिचा पाय महाराजांच्या कानाला लागे. पण ती चांगल्या वळणाची होती. लगेच सॉरी म्हणायची.

तात्पर्य: कुणी आपलं घर मोडलं तर रडू नये, भांडू नये, न्याय तर मुळीच मागू नये. नम्रपणे सॉरी म्हणावं आणि राजाच्या डोक्यावर जाऊन बसावं.