छातीतलं हुश्श

१. बघणे

"आई, अशी ताठ बसू नकोस. फोटो काढत नाहीये मी."

"मग तू तरी बाजारात वांगी बघतात तशी का बघतेयस?"

"आधी नुसतं बघायचं असतं. छाती दोन्ही बाजूंनी सारखी हलते का ते."

आईची छाती सारखीच हलत होती. हे धाकटीलाही माहीत होतं. तिला भीती होती ती शेवटच्या पायरीची, ऐकण्याची. कॉलेजात ती दोनदा एकाच जागी घसरली होती. पेशंटच्या हृदयात साफ बिघडलेला आवाज, आणि ही छातीठोकपणे म्हणाली, नॉर्मल. सर म्हणाले, "एवढं ऐकू येत नसेल तर दुसरं काहीतरी शिक, बाई." उद्या प्रॅक्टिकल होतं. उद्याही चुकली तर ती डॉक्टरकी सोडणार होती. हे तिने फक्त आईला सांगितलं होतं. म्हणून तर आई रविवारचा स्वयंपाक टाकून स्टुलावर बसली होती.

२. हात लावणे

इथे आत्या मध्ये घुसली. तपासणी चालू आहे आणि आपण बाहेर, हे तिला सहन होणारं नव्हतं.

धाकटीने तिच्या पाठीवर तळवा ठेवला. "एक-दोन-तीन म्हण. आवाज हाताला जाणवतो का बघायचंय."

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा…"

"तीनवर थांब गं!"

"का? पुढचं येतं मला."

३. ठोकणे

एक बोट छातीवर आडवं ठेवायचं, दुसऱ्याने त्यावर टकटक करायचं.

"उघडंच आहे!" बाबा पुढच्या खोलीतून ओरडले.

४. ऐकणे

आईची फुफ्फुसं छान होती. मग स्टेथोस्कोपची नळी डावीकडे आली. धाकटीने डोळे मिटले. लब-डब. लब-डब. तिने नळी जरा सरकवली. अजून जरा. मग कानातून काढून फुंकर मारून पाहिली.

"आई, मधलं कुठे गेलं?"

"मधलं काय?"

"लब-हुश्श-डब असतं ना? तुझं नुसतंच लब-डब येतंय. हुश्श नाहीचे. तुला बरं वाटतंय ना?"

"तू विचारेपर्यंत वाटत होतं."

मग आत्याचं ऐकलं. तिच्यातही हुश्श नव्हतं. आत्याचा चेहरा उजळला. "किती वर्षं सांगतेय, मला आतून बरं नाही म्हणून! पण ऐकतं कोण?" ती लगेच पलंगावर आडवी झाली आणि आपलं कपाट कुणाला जावं हे मोठ्याने ठरवू लागली.

बाबांना दुकानातून, म्हणजे पुढच्या खोलीतून, ओढून आणलं. ते शिंपी; गळ्यात टेप तशीच. धाकटीने ऐकलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. "बाबांचं एकदम छान आहे!"

घरात एकच माणूस धडधाकट निघाल्यावर पुढचं ओघानेच आलं. बाबांची स्वयंपाकघरात रवानगी झाली. त्यांनी दूध उतू घालवलं, भात करपवला. छत्री परत द्यायला आलेल्या शेजारीणबाई आजाऱ्यांच्या चौकशीला थांबल्या, आणि तपासल्यावर त्यांनाही आडवं व्हावं लागलं. त्यांना शोधत त्यांचे यजमान आले. त्यांच्यातही हुश्श नव्हतं. त्यांच्यासाठी सतरंजी अंथरली.

"अरे, चहा आण!" पलंगावरून आत्याची बाबांना आज्ञा आली. "आणि मला साखर जास्त. आता काय पथ्य करायचंय?"

धाकटी कोपऱ्यात बसून रडत होती. "सगळ्यांचं एकदम कसं बिघडेल? माझेच कान बिघडलेत. उद्या जातच नाही मी."

स्वतःची छाती ऐकायचं धाडस तिला झालं नव्हतं.

तेव्हा आईने बाबांना कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे पिटाळलं.

४. ऐकणे, पुन्हा

डॉक्टरांनी पलंगावरचे ऐकले, सतरंजीवरचे ऐकले. "ठणठणीत. उठा सगळे."

"नीट ऐका हो," आत्या दुखावून म्हणाली.

आलोच आहोत तर म्हणून त्यांनी बाबांच्या छातीला नळी लावली, आणि हसायलाच लागले. "अरे, अजून गळतेय का ही?"

"काय गळतंय?"

"झडप तुझी! पोरवयात ताप आला होता तेव्हापासूनची. थोडीच आहे, त्रास काही नाही. सांगितलं होतं मी तुला."

"तुम्ही म्हणालात, काळजी करू नकोस, विसरून जा." बाबा गोंधळले. "मी विसरलो."

आईला एकदम आठवलं. ती म्हणाली, "ही तान्ही असताना कुठेच झोपायची नाही. मांडीवर नाही, खांद्यावर नाही. शेवटी हे दुपारी मशीन बंद करायचे, कापायच्या टेबलावर उताणे पडायचे, आणि हिला छातीवर घ्यायचे. खडूची पूड, कापडाच्या चिंध्या, त्यातच कान टेकून ही गाढ झोपायची. गिऱ्हाइकं दारात उभी, आणि हे हलायला तयार नाहीत. चांगली शाळेत जायला लागेपर्यंत चाललं होतं ते."

"म्हणजे मापाची टेपच चुकीची," बाबा हळूच म्हणाले. "मग सगळं जग आखूड निघणारच."

धाकटी उठली. नळी बाजूला ठेवून तिने नुसता कान बाबांच्या छातीला लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"हे बिघडलेलं आहे?" ती चिडूनच म्हणाली. "इतकं चांगलं वाजतंय!"

"चांगलंच आहे," डॉक्टर म्हणाले. "फक्त नॉर्मल नाही."

५. परीक्षा

दुसऱ्या दिवशी तिच्या वाट्याला एक आंबट चेहऱ्याचे पोस्टमन आले. बाजूला सर उभे. तिने बघितलं, हात लावला, ठोकलं. मग नळी ठेवली.

लब-हुश्श-डब. लब-हुश्श-डब.

तिचे खांदे सैल पडले. पापण्या जड झाल्या. तिने ओठ घट्ट मिटून पाहिले, पण उपयोग झाला नाही. भर परीक्षेत तिला लांबलचक, डोळ्यांत पाणी आणणारी जांभई आली.

"कंटाळा आला का?" सरांनी विचारलं.

"नाही, सर. झडप गळतेय. डावीकडची."

सरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग तिची नळी काढून घेतली आणि स्वतः ऐकलं, दोन-तीन जागी.

"बरोबर आहे," ते नाइलाजाने म्हणाले. "पण पेशंटसमोर जांभई?"

"ती तपासणीचाच भाग आहे, सर."