प्रोसेसर कायम झाला

कंधारच्या एका कचेरीतला संगणक मंद झाला होता. नवा मागायचा तर जुना निकामी झाल्याचा दाखला लागतो, आणि तो दाखला त्याच संगणकातून काढावा लागे. म्हणून अव्वल कारकून बालाजीरावांनी गावातल्या मोहसीन मेकॅनिकला बोलावलं. कंपनीनं नेमून दिलेल्या वेगाच्या पलीकडं मोहसीननं त्याचा प्रोसेसर ताणला.

"पळायला तर लागला साब, पण टिकतो का बघावं लागंल. तीन दिवस फुल लोड द्या. लई तापंल. पण हँग न्हाई झाला, तर समजा स्टेबल हाय."

लोड देण्याचं काम बुद्धप्रियावर आलं. ती नऊ वर्षं कंत्राटावर दाखले टंकत होती आणि कायम होण्याची वाट बघत होती. कचेरीत कायमची एकच जागा रिकामी होती, आणि ती आपलीच, असं तिला बिचारीला वाटे. तिनं साडेचार हजार तुंबलेले अर्ज संगणकात कोंबायला घेतले.

प्रोसेसर तापला. बालाजीरावांनी तिच्यावरचा पंखा त्याच्याकडं वळवला. दुसऱ्या दिवशी आणखी तापला, तेव्हा साहेबांच्या केबिनमधला कूलर आला. दुपारी बुद्धप्रियाला भोवळ आली, तर "पाण्याचा पेला संगणकापासून लांब धरा" एवढंच बजावण्यात आलं. तिसऱ्या दिवशी मोहसीननं लिहून दिलं: प्रोसेसर स्टेबल.

सरकारी कागदावर इंग्रजी कसं चालेल? बालाजीरावांनी शब्दकोश काढला. स्टेबल म्हणजे स्थायी. स्थायीसाठी कचेरीत एकच नमुना होता, कर्मचाऱ्याला कायम करण्याच्या स्थायित्व प्रमाणपत्राचा. तो त्यांनी मन लावून भरला. मूळ गाव तैवान, वर्तणूक शांत, रजा निरंक. नऊ वर्षं न हललेली मंजुरी आठ दिवसांत आली आणि रिकामी जागा भरली गेली.

"सर, ती जागा माझी होती!" बुद्धप्रियाला रडू आवरेना.

"मॅडम, त्यानं तीन दिवस ताण सोसला. तुम्ही काय करून राहिल्या होत्या?"

"त्याला ताण मीच दिला की!"

"हे लेखी द्या."

तिनं लेखी दिलं आणि आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. संध्याकाळच्या आत आदेश निघाला: कंत्राटी कर्मचाऱ्याकडून कायम कर्मचाऱ्याचा छळ, सबब सेवा समाप्त.

तिनं पर्स उचलली आणि खिडकीबाहेरच्या रांगेला सगळी हकिगत सांगितली. रांग हळहळली.

"लई वाईट झालं बाई," पुढचा माणूस म्हणाला. "बरं, जाता जाता तेवढा माझा दाखला काढून देता का?"

हा निर्दय माणूस कोण, म्हणून टाचा उंचावून बघू नका. तुमचा नंबर त्याच्यामागचाच होता, आणि "माझाबी" म्हणायला तुम्ही तोंड उघडलंच होतं.