विहिणीने मागून नेलेला खून

सोमलिंगअण्णा दारात येऊन "गुरम्माक्का" एवढंच म्हणाले, आणि गुरम्माने त्यांच्या नाकासमोर दार लावून घेतलं. वर आतून कडी घातली.

"अवो, ऐका तर! सांगायचंय काईतरी!"

"म्हणूनच लावलंय!" गुरम्मा आतून ओरडली.

तसे सोमलिंगअण्णा बाळीवेशीतले भले गृहस्थ. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून लोकांची लग्नं जुळवायचे. त्यांच्यात खोट एकच होती, पोटात काही राहत नसे. आणि गुरम्माच्या आयुष्यात सध्या एकच गोष्ट अशी होती, जी कुणी आपल्याला सांगू नये असं तिला वाटत होतं.

गुरम्माला अक्षरओळख झाली ती साठीला, नातीच्या पाटीवर. अजूनही ती ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायची. आणि वाचायची काय, तर खुनाच्या गोष्टी. सून म्हणायची, "आत्या, या वयात देवाधर्माची वचनं वाचावीत की."

"ती ऐकून पाठ हायत. खून कुणी केला ते पाठ नसतंय."

खून मात्र तिला नीटनेटका लागे. रक्त नको, शिव्या नकोत. मोठं घर असावं, बाहेर थंडी असावी, सारखा चहा चालू असावा आणि मधेच एखादा खडूस पैसेवाला म्हातारा गपकन मेलेला असावा. फार कुणी रडायचं नाही. एकमेकांकडे संशयाने बघत सगळ्यांनी पुन्हा चहा प्यायचा. शेवटी खुनी सापडला की गुरम्माला कुळीथ निवडून सुपात एकही खडा न उरल्याचं समाधान मिळे.

मागचं पुस्तक पाऊण वाचून झालं असताना अण्णा चहाला आले होते. पुस्तक उचलून म्हणाले, "हे व्हय? ह्यात डॉक्टरच मारतोय की!" गुरम्मा दोन दिवस जेवली नव्हती.

आताचं पुस्तक नातीने, दानेश्वरीने, जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून आणलेलं होतं. पुठ्ठा फाटलेला, नावाचं पानही गळालेलं. एका दुपारी गुरम्मा भाकरी थापत असताना अण्णा झोपाळ्यावर बसून ते सबंध वाचून उठले. जाताना म्हणाले, "लई भारी हाय. शेवटी तर तो..."

गुरम्माने पिठाच्या हातांनी कान झाकले. तेव्हापासून ती अण्णांना चुकवत होती. भाजीला दुसऱ्या गल्लीने जायची. अण्णांचा फोन आला की "राँग नंबर" म्हणून ठेवून द्यायची.

आता घोटाळा असा होता, की दानेश्वरीचं स्थळ अण्णांच्याच हातात होतं. मुलगा बसू, दुधनीचा, घरची धान्याची आडत. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं आणि दानेश्वरीला तो मनापासून आवडला होता. दुधनीकर म्हणत होते, रविवारी बोलणी करायला येतो. पण घरात मोठं माणूस असताना असा निरोप धाकट्यांच्या कानावर घालायचा नाही, हा अण्णांचा नियम. आणि मोठं माणूस तर कडी घालून आत बसलेलं.

शेवटी अण्णांनी दुधनीला कळवलं, "म्हातारीच्या मनात काय हाय, कळंना झालंय."

बसूची आजी नीलव्वा म्हणाली, "मग मीच येऊन बघते."

रविवारी सकाळी नीलव्वा, बसू आणि अण्णांना घेऊन जीप दारात थांबली तेव्हा गुरम्मा जुनेर नेसून उखळात शेंगाचटणी कुटत होती. सून डोक्याला मेंदी लावून बसली होती. गुरम्माचा मुलगा शिवयोगी बनियनवर होता. सुनेने डोक्यावर पदर घेतला, तो हिरवा झाला. शिवयोगी सदरा घालता घालता "या, या" म्हणाला. सगळे सतरंजीवर टेकले. चहा आला. अण्णांनी घसा खाकरला.

"गुरम्माक्का, बरेच दिवस सांगीन सांगीन म्हणतोय. आता सगळ्यांसमोर सांगूनच टाकतो."

गुरम्मा ताडकन उठली. "खबरदार अण्णा! एक शब्द काढलात तर हितनं हाकलून देईन!"

नीलव्वाने कप खाली ठेवला. "ऊठ रे बसू. हितं आपली गरज न्हाय."

आतल्या दारातून दानेश्वरीचा रडवेला आवाज आला, "आज्जी, काय करतीस गं तू!"

त्या आवाजाने गुरम्मा भानावर आली. जीपची किल्ली हातात घेऊन उभा राहिलेला बसू तिला दिसला आणि ती दार अडवून उभी राहिली.

"अवो, तसं न्हाय! बसा! पोरगं लाखात एक हाय! मला फक्त खुनी कोण ते कळायला नको!"

"खुनी?" नीलव्वाने आधी शिवयोगीकडे पाहिलं, मग जरा विचार करून आपल्या नातवाकडे.

गुरम्माने धावत जाऊन पुस्तक आणलं. सगळी हकिकत सांगितली. मागच्या पुस्तकातला डॉक्टरही सांगितला.

अण्णा तापले. "मी दुधनीचा निरोप घेऊन येत होतो!"

"निरोपाबरोबर ते बी आलं असतं."

अण्णा चहाच्या कपात बघायला लागले, म्हणजे आलं असतं.

नीलव्वा पुन्हा खाली बसली. "मग आण घ्यायला लावा की. सोपं हाय."

अण्णांनी गळ्यातलं इष्टलिंग हातात धरलं आणि सगळ्यांच्या साक्षीने आण घेतली, की ह्या पुस्तकातलं एक अक्षरही ते कुणाला सांगणार नाहीत. तोंडात गरम भजी धरून बसल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"बरं," नीलव्वा पुढे सरकली, "मेलंय कोण?"

"घरचा म्हातारा. दार बंद. खुर्चीत ताठ बसलेला."

"बसलेला? अय्यो, म्हंजे आपल्यातलाच!"

"मी तेच म्हणते!"

लिंगायतांत मयताला बसवूनच माती देतात. तेव्हा बसलेला मयत दिसला, की त्याला कुणीतरी बसवलाय, हे दोघींना सांगायची गरज नव्हती.

शिवयोगी म्हणाला, "अगं आई, ते विलायतेतलं पुस्तक हाय. त्यांच्यात आडवं पुरतात."

"मेलेल्याला काय विलायत अन् काय दुधनी!" नीलव्वा म्हणाली. "मेल्या मेल्या बसवावं लागतंय. उशीर झाला की गुडघा वळत न्हाय. म्हंजे बसवणारा तितंच होता."

"आन् परका मयताला हात लावत न्हाय," गुरम्मा म्हणाली. "घरचाच हाय कोण तरी."

पुस्तकातल्या फौजदाराला हे अजून सुचलेलं नव्हतं. अण्णांना घाम फुटला. ते एकदा उठले, पुन्हा बसले, पंख्याकडे बघायला लागले.

नीलव्वाने गुरम्माला कोपराने ढोसलं. "त्यांचं तोंड बघा. बरोबर चाललंय आपलं, विहीणबाई."

विहीणबाई! तो शब्द कुणी ठरवून उच्चारला नव्हता, पण उच्चारला गेला. शिवयोगीने सुटकेचा श्वास सोडला. सून हिरवा पदर सावरत साखर आणायला पळाली. देण्याघेण्याचं कुणी बोललं नाही. दानेश्वरीची परीक्षा आहे, तेव्हा लग्न दिवाळीनंतर करू, असं गुरम्मानेच सुचवलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

निघताना नीलव्वा उंबऱ्याशी थांबली. "विहीणबाई, मागू नये, पण एक मागते."

शिवयोगीने सदऱ्याचा खिसा चाचपला. विहिणीने पहिल्यांदा काही मागितलं तर नाही म्हणायचं नसतं.

"ते पुस्तक द्या की."

गुरम्माने पुस्तक छातीशी धरलं. "माझा शेवट राहिलाय वो."

"वाचून देते की! मला बी बोट धरूनच वाचता येतंय, वेळ लागंल. पण लग्नात हातात देते तुमच्या."

सगळं घर गुरम्माकडे बघत होतं. दानेश्वरी तर श्वास रोखून. गुरम्माने नीलव्वाची ओटी भरली, खण-नारळावर पुस्तक ठेवलं आणि एक बोट त्यावरून जरा उशिराच उचललं.

जीप वळली आणि गुरम्मा मागे फिरली. अण्णा चपला घालत होते.

"अण्णा, थांबा! बसा. चहा घ्या. आन् सांगा आता, कुणी मारलं त्याला?"

अण्णांनी तोंड उघडलं. मग हात गळ्याकडे गेला. तोंड मिटलं.

"आण घेतलीया की वो."

"मीच घ्यायला लावली. मीच सोडवते."

"लिंगाची हाय. तुमी कोण सोडवणार?" अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सांगायची तळमळ त्यांना ऐकणारीपेक्षा कमी नव्हती. मग अण्णा मान खाली घालून निघून गेले.

गुरम्मा घरात आली. "शिवयोगी, मठातल्या स्वामींना फोन लाव. ह्याच महिन्यातला मुहूर्त बघायला सांग."

"आत्ताच म्हणालीस की दिवाळीनंतर! तिची परीक्षा?"

"परीक्षा सासरहून दिऊ दे. दिवाळीपतोर कोण जगतंय, कोण मरतंय!"

दानेश्वरी धावत आली आणि तिने गुरम्माच्या गळ्यात हात टाकले. आपल्या लग्नाची आजीला एवढी घाई असेल, हे तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.