जिन्याखाली थांबणारा हेन्रिक

हेन्रिक स्वतःच्याच खोलीत जायला माझी परवानगी मागायचा. रोज संध्याकाळी जिन्याखाली चपला काढायच्या, ओट्याकडे बघायचं आणि विचारायचं, "तात्या, येऊ का?" मी "या" म्हटलं की मगच पाय पहिल्या पायरीवर. एकदा मी आणि आमची ही देवळाली कॅम्पला पुतणीच्या साखरपुड्याला गेलो होतो. परत येऊन बघतो तर हा गडी दुपारपासून खालच्या पायरीवर बसलेला. किल्ली खिशात. मी म्हटलं, अहो, जायचं ना वर. तर मलाच समजावायला लागला, "न विचारता घरात जात नाहीत, तात्या. इथे असंच करतात."

इथे असंच करतात, हे त्याचं पालुपद. पंचवटीत माझा जन्म गेला, आणि इथे कसं करतात ते मला डेन्मार्कच्या माणसाने शिकवायचं.

तो आला सत्त्याण्णव साली. पोलिओ झालेल्या मुलांचं एक वसतिगृह आमच्या गल्लीजवळ होतं, तिथे फुकट काम करायला. वय साठीचं, बायको वारलेली, मूलबाळ नाही. तिकडे सुतारकाम शिकवायचा. इथे मुलांसाठी कुबड्या करायचा, बुटक्या खुर्च्या करायचा. मी गवंडी. दुसरीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण कुणाचा हात कसा आहे ते मला कळतं. त्याने केलेल्या एका खुर्चीवर मी मुद्दाम डुलून पाहिलं. हलली नाही. म्हणून वरची खोली दिली. सहा महिन्यांसाठी म्हणून आला होता, दोन वर्षं झाली तरी जायचं नाव नाही.

मराठी तो त्या मुलांकडूनच शिकला. त्यामुळे त्याला सगळ्यात आधी आली ती भांडणाची वाक्यं. भाजीबाजारात धिप्पाड गोरा माणूस म्हाताऱ्या बायांना सांगायचा, "आधी माझा नंबर आहे." बाया हसून बाजूला व्हायच्या, त्याला वाटायचं आपलं मराठी सुधारलं.

रीतभात मात्र तो वसतिगृहातल्या जाधवबाईंना विचारून घ्यायचा. बाई शिक्षिका, इंग्रजी बोलणाऱ्या, अन् जे सांगतील ते ठासून सांगणाऱ्या. त्यांनी सांगितलं की शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. आमच्या हिने लिंबाचं लोणचं वाटीत घालून पाठवलं, तर वाटी आली ती बिजागरीच्या सहा नव्या स्क्रूंसकट. ही बघतच राहिली. "आवं, ह्याचं मी काय करू?" मी म्हटलं, ठेव, दार सैल झालंय.

आता माझा एक स्वभाव सांगायला पाहिजे. मी कुणालाही एकदा विचारतो. ओळंबा एकदा सोडला की भिंत सरळ आहे की नाही ते कळतं, पुन्हापुन्हा सोडून भिंत बदलत नाही. तसंच माणसाचं. हो तर हो, नको तर नको. आग्रह करणाऱ्या माणसाची मला चीड आहे. हेन्रिक दिवेलागणीला यायचा, तेव्हा हिच्या भाकरी चाललेल्या असायच्या. मी विचारायचो, "जेवता का?" तो छातीवर हात ठेवायचा. "नको तात्या, आत्ताच झालं." मग जरा वेळ तिथेच उभा राहायचा. मला वाटायचं, गुडघा दुखत असेल. मग वर जायचा, आणि पाव, केळी, उकडलेली अंडी, असलं काहीतरी एकटाच खायचा. मी समजलो, याला आपलं जेवण चालत नाही. दोन वर्षं विचारलं, दोन वर्षं त्याचं उत्तर तेच.

मागच्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. चार दिवस वर पडून होता, आम्हाला पत्ता नाही; संध्याकाळी दिसला नाही तर वाटलं, वसतिगृहातच राहिला असेल. जाधवबाई शोधत आल्या तेव्हा कळलं. ही मला बोलली बरंच. मी म्हटलं, त्याने हाक मारायला पाहिजे होती.

ती बातमी त्याच्या बहिणीपर्यंत गेली, आणि थंडीत त्याचे दोन मित्र यायचं ठरलं. लार्स आणि त्याची बायको आना. हेन्रिकची नुसती धांदल. जिना घासला, वरच्या खोलीत दोन खाटा स्वतः ठोकल्या. जाधवबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तात्या, ते नुसते फिरायला येत नाहीत. बहिणीने पाठवलंय. हा इथे एकटा पडलाय असं दिसलं तर सोबत घेऊनच जाणार. त्याचं तिकीटसुद्धा काढून आणतायत. आणि याला जायचं नाही." मी म्हटलं, त्यांच्या घरचा मामला आहे, मी काय करणार.

ते आले दुपारी, टॅक्सीने. दोघंही जिन्याखाली उभे राहिले, चपला काढल्या आणि एका सुरात म्हणाले, "येऊ का?" गल्लीतली माणसं बघायला जमली. मी "या" म्हटलं.

संध्याकाळी ही म्हणाली, परक्या देशातनं आलेत, खाली बोलवा. जाधवबाईही होत्या. सगळे आमच्या स्वयंपाकघराच्या दारात आले. आनाने हिचा हात धरला आणि म्हणाली, "आक्का." पुढचं इंग्रजीत. बाई सांगत गेल्या. सोमवारी मेथी असते हे आनाला ठाऊक. भाकरी थापताना आक्का बांगड्या मागे सारते हे ठाऊक. मी जेवताना आधी कांदा फोडतो, तोही हिच्यावर रागावल्यासारखा, हेसुद्धा ठाऊक. हेन्रिक दर पत्रात लिहायचा म्हणे, आज खाली आम्ही काय जेवलो ते.

आम्ही.

हा माणूस आमच्या उंबऱ्याच्या आत एकदाही आला नव्हता. मग माझ्या ध्यानात आलं. चुलीचा धूर जायला मी भिंतीतून नळी काढलेली, ती वर त्याच्या खिडकीशी उघडते. बांधतानाच चुकलं होतं, माझंच. फोडणीचा वास, बांगड्यांचा आवाज, भाजीतल्या मिठावरून माझं करवादणं, सगळं त्याच्या खोलीत जात होतं. त्यावर तो पत्रं लिहीत होता.

आनाने हसत काहीतरी विचारलं. जाधवबाईंनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "विचारतायत, हेन्रिकची बसायची जागा कुठली?"

हेन्रिक जमिनीकडे बघत होता. कान लालभडक. हिने माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायची मला सवय नाही, आणि खरं बोललो असतो तर तो दुसऱ्या आठवड्यात विमानात बसला असता. मी आपलं म्हटलं, "ते होईल. आधी जेवायला बसा."

तिघांनी छातीवर हात ठेवले. "नको तात्या, आत्ताच झालं." लार्स आणि आनाचंही पाठ केलेलं.

झालं, म्हणून मी उठायला लागलो. जाधवबाई म्हणाल्या, "अहो तात्या, बसा. अजून दोनदा विचारायचं असतं. मीच शिकवलंय त्याला, पहिल्या हाकेला बसलं तर हावरट दिसतं. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा बसायचं."

मी हेन्रिककडे बघत राहिलो. जिन्यापाशी तो जरा वेळ उभा का राहायचा, ते मला तेव्हा कळलं. गुडघा नव्हता दुखत.

मी उभ्या जन्मात कुणाला दुसऱ्यांदा विचारलेलं नाही. मुकादमालासुद्धा नाही. घसा खाकरला आणि म्हटलं, "हेन्रिकराव, जेवता का?"

"नको, तात्या." आवाज बारीक.

"बस की रे आता."

तो उंबरा ओलांडून आत आला आणि मध्येच थांबला, कारण कुठे बसायचं ते त्याला माहीत नव्हतं. भिंतीपाशी माझा पाट होता. मी तो पायाने त्याच्याकडे सरकवला आणि आनाला म्हटलं, "ही त्याची जागा." मी खोटं बोललो नाही. त्या क्षणापासून ती त्याचीच होती. मी दाराजवळ पोत्यावर बसलो. तिथे वारा लागतो.

आठ दिवसांनी लार्स आणि आना परत गेले, दोघंच. तिकिटाचं काय झालं ते मी विचारलं नाही.

मला वाटलं, आता प्रश्न मिटला. दुसऱ्या दिवशी हेन्रिक आला, मी विचारलं, तर पुन्हा छातीवर हात. मग तीनदा विचारणं आलं. रोज. पंधरा दिवस मी ते केलं, आणि मग माझं टाळकं फिरलं. मी त्याला सांगितलं, "हे बघ, घरच्या माणसाला कुणी विचारत नसतं. त्याने यायचं, ताट घ्यायचं, बसायचं."

त्याने बराच विचार केला. मग विचारलं, जाधवबाई असं कधी बोलल्या नाहीत, हे नक्की का? मी म्हटलं, बाईंना विचारू नकोस, मी सांगतोय.

दुसऱ्या दिवशी तो काही न बोलता आत आला. मांडणीवरून दोन ताटं काढली, एक माझ्यापुढे ठेवलं आणि पाटावर बसला. ही वाढत होती. त्याने एक घास खाल्ला, मान वर केली, आणि परीक्षेला बसल्यासारखा चेहरा करून म्हणाला,

"आक्का, आज भाजीत मीठ जास्त आहे."

मीठ बेताचंच होतं. मी खाऊन बघितलं. हिची पळी तशीच हातात. मग म्हणाली, "मग उद्या तुम्हीच करा," आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.