तिसरं कोटेशन

मितालीने फक्त एवढंच विचारलं होतं, "बाबा, टोफेल देऊ की आयेल्ट्स?" तेव्हा दोन हजार चारचा जानेवारी होता आणि विचारणारीच्या अंगात स्वेटर होता. आता मार्च संपत आला होता, बडोद्यातल्या तरसालीच्या फ्लॅटमधला पंखा गरम हवा इकडची तिकडे करत होता आणि सदानंद कर्णिकांचं उत्तर अजून तयार होत होतं.

यात कर्णिकांचा दोष म्हणावा, तर त्यांच्या आजोबांपासून सुरुवात करावी लागेल. आजोबा गायकवाड सरकारच्या कोठारात कारकून. नातू मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात, खरेदी विभागात, गेली एकोणतीस वर्षं. तिथला नियम साधा होता. झाडू घ्यायचा असो की बॉयलर, तीन ठिकाणची कोटेशनं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा आणि सर्वांत कमी दराला ऑर्डर द्यायची. कॅन्टीनच्या कूलरची फाइल तर तिसऱ्या कोटेशनवाचून पाच उन्हाळे पडून होती. कामगार घामाघूम होऊन जेवत, पण ऑडिटवाल्यांना कर्णिकांच्या टेबलावर बोट ठेवायला जागा मिळत नसे.

ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठाने मितालीला जागा देऊ केली होती. अट एकच, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण पंधरा एप्रिलच्या आत तिथे पोचायला हवेत. नाही पोचले तर जागा दुसऱ्या कुणाला.

"आमच्या युनिव्हर्सिटीला दोन्ही चालतात, बाबा," मिताली म्हणाली होती.

"दोन्ही चालतात ना? मग तर तुलना करावीच लागेल," असं म्हणून कर्णिकांनी लोणच्याची बरणी बाजूला सारली आणि फुलस्केप कागदावर पट्टीने रेघा मारायला घेतल्या. परीक्षा कागदावर की कॉम्प्युटरवर, बोलून दाखवायचं की नाही, केंद्र कुठे, निकाल किती दिवसांत, फी किती. पहिल्या रांगेत टोफेल बसली, दुसरीत आयेल्ट्स. तिसरी रांग रिकामी राहिली आणि तिथेच सगळं अडलं.

"अगं, तिसरी कुठली?"

"तिसरी नाहीये, बाबा."

"असं कसं? बाजारात दोनच पुरवठादार?"

मितालीने आईकडे बघितलं. निरुपमाबाई भाकरी थापत होत्या, त्या थापतच राहिल्या.

मग तज्ज्ञांचं मत घ्यायचं ठरलं. खालच्या मजल्यावरच्या दत्ताजीरावांचे पणजोबा सरकारी पागेत होते आणि पुतण्या कॅनडात, त्यामुळे परदेशाबद्दल सोसायटीत त्यांचाच शब्द चाले. ते म्हणाले, "सदानंदराव, आयेल्ट्सच! ती इंग्लंडची. आपलं बडोदं पहिल्यापासून इंग्लंडवालं." दुसऱ्या दिवशी पुतण्याचा फोन आला आणि ते जिन्यात अडवून म्हणाले, "टोफेल! कालचं विसरा." कर्णिकांनी दोन्ही मतं तारखेनिशी लिहून घेतली आणि खाली दत्ताजीरावांच्या सह्या घेतल्या. नंतर आठवडाभर दत्ताजीराव दिसले की हात खिशात घालत.

फेब्रुवारीत मिताली मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला दोन दिवस अमदावादला जाऊन आली. निघताना तिने दोन पेन्सिलींना टोक करून मागितलं, मेंदीची नक्षी आधी कागदावर काढायची म्हणून. कर्णिकांनी ब्लेडने सुरेख टोकं काढून दिली. नंतर ते तिसरी परीक्षा शोधायला बाहेर पडले.

ऑफिस सुटलं की स्कूटर काढायची आणि कुठल्यातरी क्लासची पायरी चढायची. कारेलीबाग झालं, समा झालं. सगळीकडे तीच दोन नावं. घरी येईपर्यंत कंबरेचा काटा ढिला व्हायचा. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाने निवृत्तीची भाषा करावी, ते इंग्रजी परीक्षांची माहितीपत्रकं उशाशी घेऊन झोपत होते. शेवटी मांजलपूरला, एका सायकलच्या दुकानावरच्या माडीवर, त्यांना जिग्नेशभाई भेटले.

"काका, बे ज परीक्षा छे. दोच चलती है," जिग्नेशभाई म्हणाले.

"पण मला तीन लागतात हो."

जिग्नेशभाईंनी त्यांच्या घामेजल्या शर्टाकडे पाहिलं, पंखा वाढवला आणि मायेने विचारलं, "त्रीजी जोईए छे? तो बोलो ने, काका! आपी दईए! दे देंगे!"

तिथल्या तिथे, क्लासच्याच लेटरहेडवर, तिसरी परीक्षा जन्माला आली. नाव होतं इंटरनॅशनल इंग्लिश सर्टिफिकेट. केंद्र मांजलपूर, निकाल त्याच दिवशी, प्रमाणपत्र लॅमिनेशनसह. फी बाकी दोन्हींच्या दहाव्या हिश्श्याइतकीसुद्धा नव्हती.

कर्णिक आनंदाने घरी आले. तिसरी रांग भरली, तक्ता पूर्ण झाला, खाली दुहेरी रेघ मारली. मग नियमाप्रमाणे सर्वांत कमी दराभोवती लाल गोल काढला. गोल जिग्नेशभाईंच्या नावाभोवती पडला होता.

एकोणतीस वर्षांत त्यांनी सर्वांत कमी दर कधी नाकारला नव्हता. नाकारायचा तर कारण लिहून तीन सदस्यांच्या समितीची सही घ्यावी लागते. तारीख होती अठ्ठावीस मार्च. रात्रीचं जेवण उरकल्यावर त्यांनी टेबल पुसून घेतलं, तक्ता मधोमध ठेवला आणि समिती बोलावली. समिती म्हणजे ते, निरुपमाबाई आणि मिताली.

"आता उशीर चालणार नाही," ते थकल्या आवाजात म्हणाले. "जिग्नेशभाईंना बाद करू आणि उरलेल्या दोघांत..."

मितालीने एक लिफाफा तक्त्यावर ठेवला. आत आयेल्ट्सचा निकाल होता. साडेसात. एक प्रत परस्पर विद्यापीठाला पोचलीही होती.

"हे कधी दिलंस?"

"फेब्रुवारीत. अमदावादला."

"तू लग्नाला गेली होतीस ना?"

"बाबा, लग्नाला कोणी दोन पेन्सिली घेऊन जातं का?"

कर्णिकांनी बायकोकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"फॉर्म मीच भरायला लावला. जिची तारीख आधी मिळाली, ती घेतली," निरुपमाबाई म्हणाल्या.

"एकाच कोटेशनवर?"

"तातडीची खरेदी. तिला कोटेशन लागत नाही. तुमचाच नियम आहे."

नियम बरोबर होता. कर्णिक उगीचच पट्टी तक्त्याच्या कडेला लावून सरळ करत राहिले. निरुपमाबाईंनी हळूच ती पट्टी काढून घेतली.

"अहो, तो कॅन्टीनचा कूलर आठवतो? तुमच्या साहेबांना तो घ्यायचाच नव्हता. तुम्हीच सांगितलं होतंत मला. एखादी गोष्ट करायची नसली की तिसरं कोटेशन मागायचं. तोंडाने नाही म्हणावं लागत नाही."

मिताली बाबांकडे बघत होती. कर्णिकांना वाटलं, हसून वेळ मारून न्यावी, पण हसू आलं नाही. इतके दिवस आपण मांजलपूर ते समा कशासाठी वणवण केली, ते त्यांना आत्ता, या टेबलाशी कळलं. पोरीने जाऊ नये असं त्यांना वाटत होतं. एवढंच होतं, आणि ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

मग त्यांनी चष्मा पुसला, पेन उघडलं आणि तक्त्याच्या तळाशी लिहिलं, 'कार्योत्तर मंजुरी दिली.' खाली सही केली. सही नेहमीसारखी आली नाही, जराशी वाकडी आली.

"बाबा," मिताली चाचरत म्हणाली, "व्हिसासाठी मेडिकल करायचंय. त्यांच्या यादीत डॉक्टर दोन आहेत."

"दोनच?" कर्णिकांच्या तोंडून निघून गेलं.

निरुपमाबाईंनी पट्टी आणखी दूर सरकवली.

कर्णिकांनी कोऱ्या फुलस्केपकडे पाहिलं, पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, "जवळ कुठला पडतो?"

"मांजलपूरचा."

"मग सकाळी लवकर तयार राहा," ते म्हणाले. "ऑफिसला जाताना मी सोडतो तुला."