घाटात हवेचा घोळ झाला, त्याची हकीकत

श्रीगजवदन आणि घाटमाथ्याचे म्हसोबा यांस दंडवत घालोन लिहिले ऐसीजे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, माघमासी राज्यात मोठा पेच पडला. महाराजांची मोटार पंचवीस वर्षांची जाहली आणि चढण आली म्हणजे धापा टाकू लागली, मग राणीसाहेब बोलिल्या, "भंगारात घाला आणि नवी आणा." हे सारथी दौलतजी यांनी ऐकिले. गाडीचा साधा खोकलाही त्यांस ओळखू येत असे. त्यांनी हात जोडोन अर्ज केला, "सरकार, गाडी म्हातारी नाही, तिचा श्वास कोंडला आहे. इंजिनास मोकळी हवा आणि चाकांस रुंद टायर द्यावे, मग पाहावे." महाराज कनवाळू. त्यांनी करार केला की घाटात गाडी थांबली तर भंगार, न थांबता माथा गाठील तर राहील. आणि हुकूम लिहोन दिला: "नवे टायर घालणे. हवा भरपूर देणे. कसर न करणे."

मग दौलतजींनी हवेची चोंदलेली जाळी काढोन नवी बसविली, आणि हवेची नळी इंजिनाच्या उष्म्यापासोन दूर, पुढील बाजूस आणिली. मोटार ऐसी हुंकारली की देवडीवरचा पहारेकरी उठोन मुजरा करिता जाहला. इकडे टायरवाले सोपानराव यांनी तोच हुकूम वाचिला आणि राजाज्ञा म्हणोन चारी चाकांत पन्नास पौंड हवा कोंबिली. पुरत होती अठ्ठावीस.

महाराज आणि राणीसाहेब मागे बसले आणि दौलतजींनी गाडी घाटास घातली. दोन वळणे वाऱ्यासारखी गेली. तिसऱ्या वळणी खडी होती, तेथे चाके फुकट फिरो लागली आणि गाडीचे शेपूट दरीकडे सरकले. दौलतजींस वाटले, रेटावी, करार वाचेल. मग आरशात राणीसाहेब दिसल्या, डोळे गच्च मिटलेल्या, आणि दौलतजींनी ब्रेक दाबिला.

उतरोन टायरवर थाप मारिली तो दगड; ऐसे फुगले चाक खडी कैसी धरील? "सोपान्या, तुझ्या—"

(येथे कागदास तेल लागले आहे, अक्षरे लागत नाहीत.)

महाराजांनी हुकूम मागोन वाचिला आणि स्वतःचे कान धरिले. "हवा द्या म्हटले, कोणास द्या ते लिहिलेच नाही!"

दौलतजी काडीने टायरची हवा सोडीत बसले आणि मान वर न करिता बोलिले, "चूक कोणाची का असेना सरकार, गाडी थांबली."

तो राणीसाहेब काच खाली करोन म्हणाल्या, "थांबली कुठं? तुम्ही थांबवलीत. मराठी येतं ना, दौलतजी? आता आवरा लौकर, ऊन लागतंय."

मग मोटारीने खडी धरिली आणि एका दमात माथा गाठिला.

ऐसे वर्तमान जाहले. इत्यर्थ इतकाच की मोटार राहिली, दौलतजी राहिले, आणि राणीसाहेबांची नवी गाडी तेवढी राहून गेली.