यादीतून उडालेला उमेदवार

“गुन्हेगाराच्या मनात विचार येण्याआधी तो माझ्या मनात येऊन गेलेला असतो.” हे वाक्य दादाने स्वतःविषयी रचलं आणि दारावरच्या पाटीवर मला रंगवायला लावलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, स्वयंघोषित गुप्तहेर. आमची पुढची खोली हे त्याचं ऑफिस आणि मी त्याची मदतनीस. आजवर त्याने एकच प्रकरण तडीस नेलं, शेजाऱ्यांच्या हरवलेल्या शिडीचं. शिडी आमच्याच अंगणात होती. त्यानेच आणली होती.

त्या सकाळी गल्लीतला चष्मेवाला धापा टाकत आला. गेल्या वर्षी त्याच्या दुकानासमोरच्या खड्ड्यावरून त्याने आरडाओरडा केला, तेव्हा कोणीतरी म्हणालं, “मग तुम्हीच उभे राहा की.” हे वाक्य ज्याला लागतं त्याला औषध नाही. तेव्हापासून बिनबाह्यांचं जाकीट घालून तो विजेच्या खांबांनाही नमस्कार करत होता.

“माझं नाव मतदारयादीतून उडवलंय,” तो म्हणाला. “विधानसभेचा अर्ज भरायला उद्या तीनपर्यंत मुदत आहे. यादीत नाव नसेल तर उभंच राहता येत नाही. आठ महिने हिंडलोय हो मी.”

खोटं कशाला बोलू, मला त्याची दया आली. दादाला मात्र उकळ्या फुटत होत्या. त्याने यादीचं पान भिंगाखाली धरलं.

“पानावर चहाचा डाग आहे. म्हणजे नाव खोडताना कारकून चहा पीत होता. तो पाजला कोणी? आमदाराने.”

“डाग माझा आहे. सकाळी माझ्याच हातून सांडला.”

“हात कशाला थरथरत होता? काय लपवताय?”

“दादा, ते आपले अशील आहेत,” मी म्हटलं.

“पण आमदार आज माझ्याकडे बघून हसले,” चष्मेवाला म्हणाला.

“तो सगळ्यांकडेच बघून हसतो,” मी म्हटलं.

“म्हणजे सगळ्यांचीच नावं उडवणार,” दादाने वहीत टिपलं. मग त्याचं बोट यादीवर थांबलं. “या ओळीत तुमच्या मिसेसचं नाव आहे. खालच्या ओळीत शेजाऱ्याचं. मधले तुम्ही गायब. घरचा भेदी, दुसरं काय!”

दोघं तपासाला चष्मेवाल्याच्या घरी गेले. मी आपली सरळ शाळेत गेले, कारण घरोघर फिरून आमच्या भागाची यादी तपासायचं काम तिथल्या बाईंकडे असतं. त्या रजिस्टर घेऊनच माझ्याबरोबर निघाल्या.

आम्ही पोचलो तेव्हा उलटतपासणी रंगात आली होती. चष्मेवाल्याची बायको खाजगी दवाखान्यात नर्स. नुकतीच ड्युटीवरून आलेली, पायातले मोजेही काढले नव्हते.

“नवऱ्याचं नाव शेवटचं केव्हा पाहिलंत?” दादा विचारत होता.

“लग्नपत्रिकेत,” ती म्हणाली.

बाईंनी रजिस्टर उघडून वाचायला सुरुवात केली. “बुधवार, दुपारी दोन. बेल वाजवली, दार उघडलं नाही. आतून पुरुषाचा आवाज, ते इथं राहत नाहीत. शनिवार, दुपारी दोन. तोच आवाज, सांगितलं ना, कोणी राहत नाही. सोमवार, दुपारी दोन. तोच आवाज, केव्हाच गाव सोडून गेले.” त्यांनी रजिस्टर मिटलं. “तीन फेऱ्या झाल्या, नाव काढलं.”

“या घरात एक परपुरुष लपलाय,” दादा म्हणाला आणि पलंगाखाली शिरला.

नर्सबाईने नवऱ्याकडे पाहिलं. “दुपारची झोप,” ती म्हणाली.

चष्मेवाला जाकिटाची गुंडी पिळत उभा होता. “मला वाटलं, मतं मागायला कोणी आलंय.”

दादा अजून पलंगाखालीच होता.

“मी स्वतः जाऊन माझं नाव बघून आले,” नर्सबाई म्हणाली. “यांना म्हटलं, तुमचंही बघून या. तर म्हणे, मला अख्खा मतदारसंघ ओळखतो.”

“आता अर्ज दिलात तर नाव येईल,” बाई म्हणाल्या, “पण निवडणूक झाल्यावर.”

चष्मेवाला मटकन खुर्चीत बसला. आठ महिन्यांचे नमस्कार दुपारच्या झोपेत गेले होते.

“तुमचं नाव आहे की यादीत,” बाई नर्सबाईला म्हणाल्या.

“मला ड्युटी असते.” मोजे काढता काढता ती नवऱ्याकडे वळली. मग म्हणाली, “अर्ज उद्या किती वाजेपर्यंत म्हणालात?”

दुसऱ्या दिवशी अर्ज दाखल झाला. छापलेल्या पत्रकांवर चष्मेवाल्याचं नाव होतं तिथे आम्ही बायकोच्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. फोटो तसाच ठेवला, कारण तेवढ्या मोठ्या चिठ्ठ्या नव्हत्या. यादीत नसलेला माणूस यादीतल्या बायकोसाठी पत्रकांचा गठ्ठा घेऊन पुढे आणि उमेदवार मागे, असा प्रचार सुरू झाला.

पहिल्या घराशी पोचायला दुपारचे दोन वाजले. चष्मेवाल्याने बेल वाजवली.

“इथं कोणी राहत नाही,” आतून पुरुषाचा आवाज आला.

चष्मेवाल्याने बंद दाराला हात जोडले. “घर रिकामं आहे,” दादा माझ्या कानात कुजबुजला. “पण पंखा चालू आहे. संशयास्पद.”

नर्सबाई पुढे आली. तिने माझ्या हातातली वही आणि पेन्सिल घेतली आणि दाराजवळ तोंड नेऊन शांतपणे म्हणाली, “बरं. यादीत तसंच लिहायला सांगते.”

आत कडी वाजली आणि दार उघडलं.